दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही

आमच्या घराण्यात रुसण्याची परंपरा मोठी. माझे वडील स्वतःच्या लग्नात घड्याळावरून रुसले होते. दोन मामांनी हातापाया पडून त्यांना बोहल्यावर आणलं. हाच वारसा घेऊन मी इंग्लंडात स्लाऊला आलो, एका गोदामात नोकरीला लागलो आणि तिथल्या कंट्री बँडमध्ये रुसलो.

बँड गोदामातल्याच लोकांचा, अमेरिकन गुराख्यांची गाणी वाजवणारा. फोर्कलिफ्ट चालवणारा एकजण गायचा आणि म्होरक्याही तोच. फिडलवर, म्हणजे आपल्या व्हायोलिनवर, डिस्पॅचमधला कारकून. मी पुण्यात हवाईयन गिटार शिकलो होतो, मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरवायची ती. वाजवायचो भावगीतं. म्होरक्याने एकदा ऐकलं आणि ओरडला, "अरे, हे तर आमचंच वाद्य!" तेव्हापासून दर शनिवारी मी काउबॉय हॅट घालून आसपासच्या क्लबांतून घोडे, व्हिस्की आणि पळून गेलेल्या बायका यांच्या गाण्यांना साथ करू लागलो. व्हिस्की मला सोसत नव्हती, घोड्याची भीती वाटायची, आणि बायको पळून जाण्याऐवजी दर शनिवारी डबा भरून द्यायची.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पोस्टर निघालं. फोटोच्या दिवशी मला ओव्हरटाइम होता. "उद्या काढू या," म्हटलं. त्यांनी त्याच दिवशी काढला. बँड सहा जणांचा, पोस्टरवर पाच. मी म्हणालो, "मग माझी गरजच काय? मी नाही येणार यापुढे."

या वाक्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. घरी या, चहा घ्या, दोनदा चुकलं म्हणा. म्होरक्या म्हणाला, "सॉरी टू हिअर दॅट, मेट." गुरुवारी तालीम असायची. तीन गुरुवार मी फोनशेजारी पेपर उलटा-सुलटा करत बसलो. चौथ्या गुरुवारी पोस्टाने कार्ड आलं. 'ऑल द बेस्ट', आणि खाली पाच सह्या.

पुढे गोदाम बंद झालं, बँडही पांगला. दहाएक वर्षांनी पत्र आलं: सगळे पुन्हा एकत्र वाजवणार, रविवारी दुपारी, त्याच क्लबात. सोबत तीन तिकिटं.

"तिकिटं पाठवलीत म्हणजे ऐकायला बोलावलंय," बायको म्हणाली.

"घरच्या माणसाला काय सांगायचं, वाद्य घेऊन ये म्हणून?"

महिनाभर गॅरेजमध्ये रियाज केला. नव्या तारा चढवल्या. गिटार गाडीत मागे ब्लँकेटखाली लपवली, म्हणजे ऐनवेळी सहज सापडल्यासारखी काढता येईल.

वाजवलं त्यांनी छान. वाईट वाजवलं असतं तर माझी दुपार सुखात गेली असती. मध्यंतरात म्होरक्या आमच्या टेबलाशी आला. पोट सुटलेलं, हॅट तीच. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शेवटच्या गाण्याला येतोस वर? त्यातला गिटारचा तुकडा तुझाच आहे."

"छे छे, नको. आता कुठे हात चालतोय!"

'बरं, तुम्ही एवढा आग्रहच करताय तर...' हे पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. टेबलाखालून बायकोने पाय मारला.

"फेअर इनफ, मेट," म्हणून तो गेला.

शेवटच्या गाण्यात माझा तुकडा फिडलवाल्याने वाजवला. माझ्या आईच्या आवडत्या भावगीतातली एक मींड मी त्यात चोरून घातली होती. तीसुद्धा त्याने जशीच्या तशी घेतली. टाळ्या पडल्या. म्होरक्याने एकेकाचं नाव घेतलं. पाच नावं.

गाडीत अठरा वर्षांची लेक मागून म्हणाली, "पण बाबा, त्याने विचारलं. तुम्ही नो म्हणालात."

"तसं नसतं गं. आपण आधी नको म्हणायचं, मग समोरच्याने..."

"मग त्याला कसा कळणार?"

"अहो, तो काय पुरणपोळी वाढत होता?" बायको म्हणाली. "दहा वर्षांनी माणूस विचारतोय, तर उठायचं!"

मी गाडी चालवत राहिलो. रुसायचीही सोय नव्हती, घरी नेणारा मीच होतो.

घरी आल्यावर गिटार आत आणून सोफ्यावर ठेवली. लेक जिन्याशी थांबली. "बाबा, तो शेवटचा गाणं वाजवता? मला तुमचा ऐकायचाय."

"राहू दे गं. आता कुठे..."

"ओके," ती म्हणाली आणि वर गेली. पोर इथेच जन्मलेली, बापाच्या शब्दाचा मान ठेवणारी. मी गिटार मांडीवर घेतली, कांडी हातात धरली, आणि जिन्याकडे कान लावून बसलो.