जॉर्जियाचा सिनेमा आणि हॉल झाडणाऱ्या मावशी

कोल्हारजवळच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं फिल्म क्लब चालवला. निवृत्तीआधी शेवटचा सिनेमा लावला तो जॉर्जियातल्या एका दिग्दर्शकाचा. सरकारनं त्याला ऐन उमेदीत काम करू दिलं नव्हतं. हा सिनेमा त्यानं म्हातारपणी पुरा केला. हे सांगतानाच मी दमलो, कारण समोर चार विद्यार्थी आणि हॉल झाडायला आलेल्या मावशी, एवढेच होते. मध्यंतरात विद्यार्थीही गेले.

संपल्यावर दिवे लावले, तर मावशी डोळे पुसत होत्या.

"भाषा कळली का, मावशी?"

"न्हाई वो सर. पर ती म्हातारी ल्योकाची वाट बघत हुती, तेवढं कळलं."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. उठायचं त्राणच नव्हतं.

"बसा तुमी," त्या म्हणाल्या, "मी आवरते."