अक्काताईची सही

वडगावच्या विणकर गल्लीत सुबरावला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्या तोंडून सरळ ‘नाही’ ऐकलेला माणूसही सापडायचा नाही. शिडी उसनी मागा, लग्नाला चार दिवस आधी या म्हणा, सुबरावचं उत्तर ठरलेलं, “बघू की.” साड्या मात्र तो अशा विणायचा की व्यापारी काठ उलटून बघायची तसदी घेत नसत. दोन पॉवरलूम, भाड्याच्या दोन खोल्या, बायको सत्यवती, नववीत शिकणारी लेक स्वरूपा आणि थोरली बहीण अक्काताई, एवढा त्याचा संसार.

अक्काताईला खानापूरकडच्या एका खेड्यात दिली होती. दोन वर्षांत नवऱ्यानं दुसरी आणली, तशी ही आपली पेटी उचलून माघारी आली. ती वीस वर्षांची होती आणि सुबराव सहा. पुढं आई-बाप पाठोपाठ गेले. रहाटावर सुताच्या कांड्या भरून भरून तिनं भावाला वाढवला, शाळेत घातला, मागावर बसवला, त्याचं लग्न लावलं. दुसरा माग घ्यायची वेळ आली तेव्हा हातातल्या पाटल्या काढून त्याच्यापुढं ठेवल्या. “आक्का, घर घिन तवा पयलं नाव तुझं घालीन,” असं तो बोलून गेला. कुणी मागितलं नव्हतं. उभ्या आयुष्यात ‘बघू की’ न म्हणता दिलेला त्याचा हा एकच शब्द असेल.

घराचा योग यायला बावीस वर्षं लागली. पिरनवाडीत मारुतीराव नावाच्या निवृत्त पोस्टमनचं कौलारू घर विकायला निघालं. तीन खोल्या, पुढं कट्टा, मागं पेरूचं झाड. मारुतीराव मुलाकडं पुण्याला निघाले होते. व्यवहार ठरला, आणि अक्काताईला कुणीतरी सांगितलं की खरेदीच्या कागदावर अंगठा बरा दिसत नाही, सही पाहिजे.

झालं! सहासष्टाव्या वर्षी बाई पेन घेऊन बसली. स्वरूपानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नाव लिहून दिलं, आणि महिनाभर कांड्या भरून झाल्या की ती ते गिरवायची. ‘अ’ला पोट येईना, जोडाक्षर तर दर वेळी निराळंच उमटायचं. सत्यवती हसायची. “आक्का, घर घ्यायलाय का परीक्षेला बसलाय?” अक्काताई मान वर न करता म्हणायची, “हस गं. माझ्या घराचा कागद हाय.”

इकडं खरेदीच्या आठ दिवस आधी खरेदीखत लिहिणाऱ्या बाँड रायटरनं सुबरावला बाजूला घेतलं. “बहिणीचं नाव कशाला घालताय? घटस्फोट झालेला नाही. उद्या तिच्या मागं नवऱ्याकडचे वारस येऊन उभे राहिले तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. तुमच्या एकट्याच्या नावानं करू?”

सुबरावला ते पटलं नाही, आणि पटलं नाही असंही म्हणवलं नाही. “बघू की,” तो म्हणाला. बाँड रायटरला तेवढं पुरलं. त्यानं कागद टाईप करून टाकला.

आता तरी या गृहस्थानं घरी येऊन बहिणीला सांगावं की नाही? आठ दिवस हातात होते. सत्यवती तीनदा मागं लागली. “तुमी सांगा, न्हायतर मी सांगतो. ती रोज नाव गिरवायलीया, मला बघवंना.” दर वेळी हा उठून मागाकडं जायचा आणि खटका ओढायचा. मागाच्या आवाजात बोलता येत नाही, ही मोठी सोय होती.

खरेदीच्या दिवशी माग बंद ठेवले. अक्काताईनं पेटीतली हिरवी साडी काढली. पाटल्यांच्या मागावर निघालेली पहिली साडी होती ती, इतकी वर्षं घडी मोडली नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, दोन फोटो आणि स्वतःचं पेन घेतलं. रजिस्ट्रार ऑफिसात बाकावर पिशवी मांडीवर घेऊन ती ताठ बसली. सर्व्हर बंद होता. लोक वैतागत होते, चहाच्या फेऱ्या चालल्या होत्या, पण ही पाणी प्यायलाही उठली नाही. मधेच नंबर पुकारला गेला तर काय घ्या!

एक वाजता मारुतीरावांना आणि सुबरावला आत बोलावलं. कॉम्प्युटरपुढं फोटो झाले, काचेवर अंगठे झाले, साहेबांनी विचारलं, यांनी मान डोलावली. तेवढ्यात निरोप आला की दुसरा साक्षीदार भावकू काकतीजवळ गाडी पंक्चर होऊन अडकलाय. बाँड रायटर बाहेर आला, बाकाकडं बघून म्हणाला, “ह्या मावशींना सही येते का?”

“येती तर!” अक्काताईनं पेन काढलंसुद्धा.

इकडचे सरकारी कागद सगळे कानडी. बोललेली कानडी तिला सगळी समजायची, लिहिलेलं अक्षर एकही नाही. बाँड रायटरनं बोट ठेवलं तिथं तिनं जीभ ओठांत धरून, सावकाश, ‘अक्काताई’ असं लिहिलं. जोडाक्षरसुद्धा नीट आलं. मग वर बघून तिनं भावाला विचारलं, “आणि माझा फोटो? अंगठा?”

सुबरावही बाहेर येऊन समोरच उभा होता. तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. तिच्या तोंडावरचा आनंद त्याला मोडवेना. “एकाचाच लागतोय आक्का,” तो म्हणाला. गप्प राहण्याची त्याला सवय होती, पण बहिणीशी खोटं तो पहिल्यांदाच बोलला.

दुपारी सगळे पिरनवाडीला गेले. मारुतीरावांच्या बायकोनं, पूर्णिमाबाईंनी, घर सारवून उंबऱ्याला हळदकुंकू लावून ठेवलं होतं. किल्ली जुन्या मालकिणीनं नव्या मालकिणीच्या पदरात टाकायची, असं त्या म्हणाल्या आणि वडीलधारी म्हणून अक्काताईची ओटी भरून त्यांनी किल्ली तिच्या पदरात टाकली. अक्काताईचे डोळे भरून आले. किल्ली कमरेला खोचून ती खोल्या फिरली. मागच्या खिडकीपाशी थांबून म्हणाली, “सुबा, माझा रहाट हितं. उजेड चांगला हाय.” सुबरावनं मान हलवली.

स्वरूपा कानडी शाळेतली. आत्याला कौतुक वाटावं म्हणून तिनं खरेदीखताची झेरॉक्स उघडली आणि वाचत वाचत मराठीत सांगायला लागली. देणार मारुतीराव. घेणार सुबराव. उत्तरेला रस्ता, दक्षिणेला...

“आणि माझं?” अक्काताईनं विचारलं.

पोरीनं पान उलटलं. “तुझं शेवटाला हाय की आत्या. साक्षीदारात.”

सत्यवतीनं नवऱ्याकडं बघितलं, नवरा जमिनीकडं बघत होता. अक्काताईनं झेरॉक्स हातात घेतली, न समजणाऱ्या अक्षरांखाली आपली सही बघितली, आणि कमरेची किल्ली काढून सत्यवतीच्या हातात दिली.

सुबराव तिच्या पायांशीच बसला. “आक्का, चुकलो मी. त्यो वारसाचं म्हणाला, मला न्हाय म्हणाय आलं न्हाय. उद्याच जाऊ. तुझं नाव घालू. नाव घालता येतंय.”

अक्काताईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी फिरवायची तसाच.

“बघू की,” ती म्हणाली.

ती राहायला आली. रहाटही त्याच खिडकीपाशी आहे, कांड्या भरायचंही थांबलेलं नाही. नाव घालायचा विषय सुबरावनं पाच-सहा वेळा काढला. बाँड रायटरला भेटून कागदही तयार करून आणला. तो कपाटात पडून आहे, कारण तिच्या सहीशिवाय तो पुढं जात नाही. हिरवी साडी परत पेटीत गेली.

परवा तो तिला म्हातारपणाच्या पेन्शनसाठी पोस्टात घेऊन गेला. खिडकीतल्या मुलीनं रजिस्टर पुढं सरकवलं. सुबरावनं खिशातलं पेन काढून बहिणीपुढं धरलं. अक्काताईनं ते हळूच बाजूला केलं आणि डाव्या हाताचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला.

“आजी, सही येत नाही का?” मुलीनं विचारलं.

“येत हुती,” अक्काताई म्हणाली.