एकाच सीटची गाडी
परवा गॅरेजसमोर जळक्या क्लचचा वास आला आणि आमच्या माजरी या कोळसा खाणीच्या गावातली हिवाळ्यातली ती सकाळ आठवली. माझा मोठा भाऊ मेकॅनिक. अमेरिकेत पूर्वी शर्यतीचे शौकीन कंपनीला खास सांगून गाड्या बांधून घेत, इंजिन सगळ्यांत मोठं, अंग हलकं, रेडिओ नाही, हीटर नाही, असं त्याने कुठंतरी वाचलं आणि भंगारातली एक कार तशीच करायला तो खपत राहिला. वजन नको म्हणून चालवणाऱ्याची सोडून बाकी सगळ्या सीटा त्याने काढल्या. शर्यत एका जीपशी होती, खाणीच्या बंद पडलेल्या सरळ रस्त्यावर. कडेच्या बाभळींवर कोळशाची धूळ बसलेली. जन्मभर खाणीत डंपर चालवलेले बाबा हळूच म्हणाले, “मी खालीच बसतो ना, कोपऱ्यात.” भाऊ म्हणाला, “नाई बाबा, गाडी जड होते. जितल्यावर फिरवतो तुमाले.” “बरं, जाय मंग,” म्हणून बाबा बाजूला झाले. भाऊ जिंकला, पण शेवटची रेघ ओलांडताच क्लच जळल्याचा वास सुटला, गिअरबॉक्स फुटला आणि ती गाडी पुन्हा कधी चालली नाही. आम्ही ती ढकलत घरी आणली. स्टिअरिंगवर भाऊ बसला होता, बाबा मागून धुळीत चालत होते. घरी पोचल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “आत कसं वाटते रे?” बाबा गेल्या वर्षी वारले. जिंकल्याचं भाऊ आता कधी बोलत नाही. “येताना तरी स्टिअरिंगवर बाबाले बसवाचं होतं,” एवढंच म्हणतो. ढकलणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ते सुचलं नाही.