वरचा थर

बुलढाण्याला जुन्या मूर्ती जपून ठेवायची एक सरकारी खोली होती. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी नोंदवहीत मूर्तींची वर्णनं लिहायचो आणि तिथला म्हातारा शिपाई मूर्तींवरचा शेंदूर काढायचा. ओलं फडकं, बांबूची काडी आणि तोंडानं सारखी बडबड. "हलू नोको माय, कान धुऊन राह्यलो," असं तो दगडाला सांगायचा. कुणी चपला घालून आत आलं की माझ्यावर डाफरायचा, "गुरुजी, तुमी काऊन नाही सांगत या लोकायले?"

एकदा धरणात गेलेल्या गावाची देवी आली. त्या दिवशी त्याची बडबड बंद झाली. शेंदूर बोटभर जाड होता आणि वरच्या थरात तीन बोटं स्पष्ट उमटली होती.

"तुमच्या गावची?" मी विचारलं.

"हाव. माह्या मायची बोटं हायेत हे. गाव सोडलं त्या सकाळी लावला तिनं. नव्या गावात महिनाभर बी नाही जगली."

"मग तेवढा राहू द्या की."

"साहेबाचा हुकूम हाये. अन् खाली नाकडोळे हायेत, गुरुजी. ते बी कुणाच्या तरी हातचेच ना?"

त्यानं काडी उचलली. सगळ्यात आधी वरचा थर गेला.

संध्याकाळपर्यंत देवीचा फार देखणा चेहरा बाहेर आला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. खरवडलेला शेंदूर तंबाखूच्या डबीत भरून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो चपला घालूनच आत आला.