कडावच्या शेतातलं वळण

उजवा हात वर करायचा, पंजा समोरच्याच्या तोंडापुढे धरायचा आणि म्हणायचं, "सांगू नका. माझी अजून सुटायचीय."

हे तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही वाटलं असतं, या गृहस्थाला कोणीतरी वाईट बातमी द्यायला निघालंय. तसं काही नसे. समोरच्याने गंमत म्हणून एवढंच विचारलेलं असे, "काय मोजणीदार, कुठवर आली तुमची मोटारशर्यत?" पण हा कुठून तरी ऐकून आला असेल आणि बोलता बोलता निकाल सांगून बसेल, अशी त्यांना धास्ती. अख्ख्या खालापूर तालुक्यात ही धास्ती बाळगणारे ते एकटेच. बाकी कोणाला असल्या शर्यती असतात हेच ठाऊक नव्हतं.

ते आमच्या खालापूरच्या कचेरीत जमिनी मोजायचं काम करत. मी आवक-जावक कारकून, म्हणून त्यांनी मला नावाने हाक कधी मारली नाही; "काय आवक-जावक, डाक आली?" हाच त्यांचा नमस्कार. आम्ही दोघंही कर्जतला भिसेगावात राहणारे, एकाच एस.टी.ने येणारे-जाणारे. त्यांच्या दोन खोल्या होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी, हातभर अंतर सोडून, त्यांनी स्वतः ट्रेसिंग कापडावर काढलेले शर्यतींच्या रस्त्यांचे नकाशे. गावनकाशे काढायच्या त्याच हाताने, त्याच शाईने, उत्तर दिशेच्या बाणासकट काढलेले. बायको लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेली होती. पुन्हा लग्नाचं कोणी काढलं की म्हणत, "आमची हद्द कायम झालीय." मोजणीखात्यातला विनोद होता तो. हसायचे मात्र आम्हीच, ते नाही.

हा नाद त्यांना लावला एका गोऱ्या इंजिनिअरने. खोपोलीकडे एका कारखान्याची उभारणी चालली होती, तेव्हा हद्दी दाखवायला मोजणीदार चार महिने त्याच्याबरोबर फिरले. दुपारी झाडाखाली डबे उघडले की गोरा आपल्या मासिकातली चित्रं दाखवायचा. लांबुळक्या, उघड्या चाकांच्या मोटारी आणि त्यात खांद्यापर्यंत बुडून बसलेला माणूस. फॉर्म्युला वन म्हणतात ती हीच, असं मला पुढे कळलं. परत जाताना गोऱ्याने विचारलं, तिकडून तुला काय पाठवू? दुसरा कोणी असता तर घड्याळ मागितलं असतं. हे म्हणाले, "हेच. तुमचं वाचून झालं की."

गोरा शब्दाचा पक्का निघाला. चार-पाच अंक साठले की खाकी कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून जहाजाने पाठवायचा. सोबत पत्र कधीच नसे. अंकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक बरोबरची खूण असे, म्हणजे याचा वाचून झाला. मोजणीदार दिवसभर कुठल्या तरी बांधावर आणि घराला कुलूप, म्हणून गुंडाळी कचेरीच्या पत्त्यावर यायची. ती आधी माझ्या हातात पडायची.

आता जहाजाचं टपाल ते. तिकडे झालेली शर्यत आमच्याकडे दोन महिन्यांनी पोचायची. पुढे सुएझचा कालवा बंद पडला, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली आणि दोनाचे चार महिने झाले. कचेरीत कोणाला त्या कालव्याशी काय देणंघेणं? हे मात्र दर आठवड्याला मला विचारायचे, "काय हो, उघडला का?"

तुम्ही म्हणाल, मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र कर्जतच्या वाचनालयात येत असेल की. येत होतं. त्यात दोन ओळींचा निकालही असायचा. पण त्या पानाकडे ते बघायचे नाहीत. "दोन ओळींत शर्यत कळते होय?" म्हणायचे. "मला कळत नाही तोवर सगळेच जिंकू शकतात."

तरी शेवटी मोजणीदाराचा जीव. एकाच माणसाच्या मापावर विसंबायचं नाही, पडताळणी हवी. ते काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. वाचनालयात जाऊन मी निकाल चिठ्ठीवर उतरवायचा, चिठ्ठी पाकिटात घालून डिंकाने बंद करायची, वर फक्त देशाचं नाव घालायचं आणि पाकीट माझ्या खणात ठेवायचं. चार महिन्यांनी अंक आला, त्यांनी तो पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत वाचला, की माझं पाकीट फोडायचे, अंकाशी ताडून बघायचे आणि म्हणायचे, "जुळलं." मग आम्ही चहा घ्यायचो.

म्हणजे बघा, या शर्यतींशी संबंध असलेली माणसं आमच्या भागात दोन. एकाला निकाल हवा होता, पण ऐकायचा नव्हता. दुसऱ्याला तो ठाऊक होता, पण त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. अर्थात हे पहिल्या एक-दोन मोसमांपुरतं. रोज एस.टी.त शेजारी बसून ऐकावं लागलं की दगडालाही गोडी लागते.

गोडी लागली ती मुख्यतः एका माणसामुळे. कुठला कोण परदेशी शर्यतवाला. त्याच्या नावाचा उच्चार ते एक करायचे आणि मी दुसराच, म्हणून आम्ही त्याला 'आपला' म्हणायला लागलो. 'आपला' कायम पुढे असायचा आणि कायम त्याच्या गाडीचं काहीतरी बिघडायचं. कधी तेल गळायचं, तर कधी चाक निघायचं. "माणूस चोख, पण नशीब वाळलेलं," मोजणीदार म्हणायचे. पहिल्याला नऊ गुण, दुसऱ्याला सहा, असा तक्ता त्यांनी एका रद्द झालेल्या गावनकाशाच्या पाठीवर आखला होता, आणि एका मोसमात त्या तक्त्यात 'आपला' पहिल्यांदाच सगळ्यांच्या वर आला. त्या दिवशी त्यांनी मला खालापूरच्या स्टँडवर भजी खिलवली.

त्याच मोसमातली गोष्ट. श्रावणात एका संध्याकाळी वाचनालयात मी ते पान उघडलं. नेहमीच्या दोन ओळींच्या जागी आठ ओळी होत्या. इंग्रजी माझं बेताचं, म्हणून मी दोनदा वाचलं. एका वळणावर 'आपला' रस्ता सोडून गेला होता आणि जागीच संपला होता.

चिठ्ठीवर मी लिहिलं, "आपला गेला." खाली जिंकणाऱ्याचं नाव लिहिलं. डिंक लावताना बोटं चिकटली.

दुसऱ्या दिवशी एस.टी.त ते नेहमीसारखे खिडकीशी. मी म्हटलं, "मोजणीदार, एक सांगायचं होतं..." लगेच पंजा वर. "सांगू नका. माझी अजून सुटायचीय."

नाही सांगितलं मी. दिलेला शब्द, दुसरं काय. पण ते चार महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. ते उत्साहाने गुणांची बेरीज मांडायचे: या शर्यतीत 'आपला' दुसरा जरी आला तरी पुढे काळजी नाही. मी हूं हूं करायचो. घरी बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "कोण मेलं म्हणालात? आपल्यातलं कोणी?"

त्यात त्यांनी काय करावं? जी शर्यत त्यांच्या लेखी अजून सुटायची होती, तिच्याच रस्त्याचा नकाशा काढायला घेतला. आणि भातं कापून झाल्यावर एका रविवारी सायकलच्या कॅरिअरला मोजणीच्या झेंड्या बांधून माझ्या दारात हजर. "चला कडावला. नकाशात वळण चिमटीएवढं दिसतं. खरं केवढं असेल, एकदा डोळ्यांनी बघू."

कडावला त्यांची धाकटी बहीण दिलेली होती. तिच्या सासरच्या मोकळ्या शेतात त्यांनी साखळी टाकली आणि कापलेल्या भाताच्या खुंटांमधून एकेक झेंडी रोवत गेले. मापाला माप, जराही लबाडी नाही. त्यामुळे वळण बहिणीच्या शेतात मावेना. ते बांध ओलांडून शेजारच्या शेतात शिरलं.

मोजणीदार आणि झेंड्या म्हटल्यावर गाव जमणार नाही तर काय होणार? शेजारची म्हातारी धावतच आली.

"ओ साहेब! रस्ता जानार हाय काय आमच्या शेतातून?"

"नाय गं मावशी. आज रविवार हाय, कचेरी बंद हाय."

"मंग ह्या झेंड्या कोनासाटी?"

"एका मानसासाठी. लय लांब असतो तो. हितं येनार नाय."

"येनार नाय तं झेंड्या कशाला रोवता? माझा वाल पेरलाय तितं. सरकारला सांगा, आमी जमीन देनार नाय!" असं म्हणून म्हातारी बांधावरच फतकल मारून बसली. ती संध्याकाळपर्यंत हलली नाही. बहीण कपाळाला हात लावून म्हणाली, "दादा, काय ह्यो खेळ मांडलास रं! मला हितं नांदायचं हाय." मग त्यांनी म्हाताऱ्या बाईच्या वालात पाय न टाकता तिथली झेंडी माझ्या हातात दिली.

"तुम्ही बांधावर उभे राहा. वळणाचं टोक नेमकं इथे येतं," ते म्हणाले. मग स्वतः लांब, पार दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून ओरडून सांगायला लागले, "इथून 'आपला' येणार! वेग कमी नाही करायचा! बाकीचे सगळे इथे दबतात, तो नाही दबत!"

मी हातात झेंडी धरून उभा होतो. तेच वळण. नकाशात नाव होतं त्याचं. मी वर्तमानपत्रात वाचलेलं तेच. सांगून टाकावं असं इतकं मनात आलं, की मी दोन पावलं पुढेही गेलो. लांबून त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्यांनी हात वर केला. पंजा माझ्याकडे. मी परत बांधावर जाऊन उभा राहिलो.

गुंडाळी आली मार्गशीर्षात. ती मी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि उगाचच रजिस्टर उघडून बसलो. ते घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी कचेरीत आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी आले ते सरळ माझ्या टेबलाशी, आणि हात पुढे केला. पंजा या वेळी वर आकाशाकडे.

"पाकीट द्या."

मी दिलं. त्यांनी फोडलं, चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली. "जुळलं," म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे कडावला तुम्ही त्या वळणावर उभे होतात, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

आता शिव्या खायच्या, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी शिपायाने आणलेल्या आपल्या चहातला अर्धा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

"चार महिने तुम्ही एकटेच होतात की हो," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. भर कचेरीत, शिपायासमोर, ज्याचं नाव मला धड घेता येत नाही अशा माणसासाठी मी रडलो. आणि खरं सांगतो, त्या माणसासाठीही नव्हतं ते.

त्या दिवसापासून आमच्या नियमात भर पडली. ते म्हणाले, "निकाल सांगायचा नाही. पण माणूस गेला, तर सांगायचं. लगेच सांगायचं. एकट्याने ठेवायचं नाही." पुढच्या मोसमांत असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा मी एस.टी.त बसल्या बसल्या सांगितलं. ते खिडकीबाहेर बघायचे.

शर्यती त्यांनी सोडल्या नाहीत. तक्ता आखायचे, नकाशे काढायचे. पण 'आपला' असा कोणी पुन्हा झाला नाही. विचारलं तर म्हणायचे, "हद्द कायम झाली."

ते गेले ते एका पावसाळ्यात, मोसम अर्ध्यावर असताना. रविवारी बहिणीकडे गेले होते, तिथेच रात्री छातीत कळ आली. सोमवारी सकाळी बहीण एस.टी.ने खालापूरला आली आणि माझ्या टेबलापुढे उभी राहिली. "दादा गेला ओ भाऊ. दादा म्हनायचा, काय झालं तर आधी तुमाला सांगायचं." कडावला तिच्या अंगणात पुण्यानुमोदन झालं. ती म्हातारीही आली होती. तिने मला ओळखलं.

माझ्या खणात तीन पाकिटं होती, डिंकाने बंद केलेली.

महिन्याभराने गुंडाळी आली. खाकी कागद, सुतळी, त्यांचं नाव. गोऱ्याला कोण सांगणार? त्याच्या लेखी आमचे मोजणीदार अजून खालापूरच्या शेतांतून साखळी ओढत होते. माणूस गेला तर सांगायचं, लगेच सांगायचं, हा नियम मला पाठ होता. पत्ता गुंडाळीवर होता. तरी मी आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. दुसरी गुंडाळी आली. अंकांच्या कोपऱ्यात पेन्सिलीची ती खूण होती. ती बघितली आणि मला वाटलं, हा तिकडे कोणाला तरी सोबत धरून वाचतोय, आणि इथे तर कोणी नाही.

शेवटी शब्दकोश घेऊन बसलो आणि दोन ओळी लिहिल्या. तुमचा मित्र गेला. तुमचे अंक त्याने सगळे वाचले. दुसरी ओळ खोटी होती. तेवढी मी राहू दिली.

पोस्टाच्या खिडकीतल्या माणसाने पाकीट हातावर तोललं. "विमानाने पाठवा की. आठवड्यात पोचेल."

"नको. जहाजाने जाऊ दे."

"जहाजाने दोन महिने लागतील, साहेब."

"लागू देत," मी म्हटलं. कालवा उघडला होता. नाहीतर चार लागले असते.