बार्शीला डोळे दाखवायला गेले तेव्हा

श्रावणातला पहिला सोमवार होता. संध्याकाळी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी दुसऱ्या दिवशीचा धडा वाचायला बसले, तर उजव्या डोळ्याला अक्षरंच लागेनात... सगळं पिठूळ. आधी कंदिलाची काच पुसली, मग वात वर केली, मग आरसा घेतला.

उजव्या डोळ्याची बाहुली डावीच्या दुप्पट झाली होती. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे, वाचताच आलं नाही तर करणार काय?

दुसऱ्या दिवशी आमचे हे मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी बॅटरीचा उजेड टाकला, बाहुली लहान होईना म्हटल्यावर सांगून मोकळे झाले, काचबिंदू. शनिवारी ऑपरेशन, तरी नजर राहील याची खात्री नाही... आणि वर, बायकांनी इतकं वाचू नये, नोकरी आजच सोडा.

तळपायाची आग मस्तकात गेली. डोळा जरासुद्धा दुखत नाही, असं म्हणून पाहिलं, तर म्हणाले, उशीर झाला की दुखणंही थांबतं. राग होता, पण भीती त्याच्याहून मोठी होती.

सासूबाई तर माझ्यापेक्षा जास्त हादरल्या. त्या अक्कलकोटकडच्या. तोंडानं फटकळ, पण मी नोकरी धरली तेव्हा सगळ्या भावकीला अंगावर घेणाऱ्या त्याच. म्हणाल्या, "रडू नको. महादेव हाय की आपला. तो डोळा जाऊ देणार न्हाय."

आणि त्यांनी नवस बोलला. रोज सकाळी परसातला धोत्रा मी माझ्या हातानं तोडून पिंडीवर वाहायचा. पूजा झाली की त्यातलीच ओली फुलं त्या माझ्या दोन्ही डोळ्यांना लावायच्या, चांगली दाबून धरायच्या, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत राहायच्या. मी काही फार देवभोळी नाही, पण त्या दिवसांत कुणी निखाऱ्यावर चाल म्हटलं असतं तरी चालले असते.

गुरुवारी डावा डोळाही तसाच झाला.

वर्गात हातातलं पुस्तक दिसेना, उन्हात डोळे उघडवेनात. एक मुलगी म्हणाली, बाई, तुमचे डोळे असे काळेभोर का दिसतात? मी वर्ग तसाच टाकून घरी आले आणि ह्यांच्यापुढे पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

हे कोर्टात कारकून. एका साक्षीदारावर विसंबून निकाल देऊ नये, असं रोज ऐकणारा माणूस. म्हणाले, सुरी लागण्याआधी आणखी एकाला विचारू. माझा थोरला भाऊ बार्शीच्या बाजारात अडतीवर असतो, त्याच्या माहितीतले एक म्हातारे डोळ्यांचे डॉक्टर होते. पण बार्शीला जायचं म्हणजे शनिवार हुकणार... आणि पहिले डॉक्टर खरे ठरले तर?

शुक्रवारी सकाळची पूजा उरकून निघालो. कुर्डुवाडीला गाडी बदलली, छोट्या गाडीत डोळ्यांवर पदर ओढून बसले. शेजारची बाई शेताकडे बोट दाखवून काही सांगत होती, मी नुसती मान हलवत होते.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी पापण्यांवरून बोटांनी दोन्ही डोळे दाबून पाहिले. मग म्हणाले, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. मी चिडलेच. डोळे दाखवायला आले होते, दिनचर्या सांगायला नाही... तरी सांगत गेले. धोत्र्यापाशी आले आणि त्यांनी मला थांबवलं.

"ती फुलं डोळ्यांना लावता?"

बाहुली मोठी करून आत बघायला डॉक्टर जे थेंब घालतात, ते म्हणे धोत्र्याच्याच जातीच्या झाडाचे असतात. पहिल्या सोमवारी धोत्रा मीच तोडला होता, धुपाच्या धुरानं उजवा डोळा चुरचुरला म्हणून तोच हात त्यावर चोळला होता. पुढचं काम नवसानं केलं. डॉक्टर म्हणाले, "महादेवाला विष पचतं, बाई. तुमच्या डोळ्यांना नाही."

पण लगेच सुटका नव्हती. काही दिवस धोत्र्याला शिवू नका, बाहुल्या लहान झाल्या नाहीत तर मीच तुम्हाला ऑपरेशनला पाठवीन, असं त्यांनी बजावलं. आम्ही भावाकडेच राहिलो. शनिवार उलटला, त्या दिवशी हे भरल्या ताटावरून तसेच उठले. आपण डोळा वाचवतोय की घालवतोय, दोघांनाही कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी भावाचं पंचांग सहज हातात आलं. बारीक टाइपातली तिथी वाचली... पुढची वाचली, पान उलटलं. पंचांग तसंच उघडं धरून ह्यांच्याकडे धावले.

सासूबाईंना खरं सांगायचं नाही, असं परतताना गाडीत ठरवलं होतं. उगाच जिवाला लावून घेतील. पण टांगा दारात थांबला तर त्या समोरच उभ्या, हातात धोत्र्याची ताजी, ओली फुलं. सांगावंच लागलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फुलं खाली पडली. "म्हंजे मीच तुझे डोळे..." एवढंच म्हणाल्या, डोळे भरून आले आणि ते पुसायला तेच हात चेहऱ्याकडे गेले.

मी झडप घालून दोन्ही मनगटं धरली आणि माझ्या पदरानं त्यांचे डोळे पुसले.

आता शाळा पूर्ववत सुरू आहे. बार्शीच्या डॉक्टरांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत... पण माझ्या डोळ्यांसाठी इतकं जीव तोडून चुकणारं माणूस घरात आहे, हेही माझं थोडं भाग्य नाही.