दिगूच्या हातची लाईन

दिगू गेल्याचं कळलं तेव्हा मी म्हापशाच्या बसस्टँडवर डिचोलीच्या गाडीत जागा धरून बसले होते. शुक्रवारचा बाजार, मांडीवर पिशवी, पिशवीत गरम उंडे पाव, आणि फोनवर त्याचा मुलगा. "आत्ये, बाबा गेलो..." एवढंच बोलला. खरं सांगते, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. सगळा पावसाळा इस्पितळाच्या फेऱ्या मारून आम्ही थकलो होतो, आणि तो तर आमच्याही आधी थकला होता. उतरले, इब्रामपूरची बस धरली, सगळं कोरड्या डोळ्यांनी पार पाडलं. रडू आलं ते परत आपल्या घरी आल्यावर, हात धुवायला नळ सोडला तेव्हा. तो नळ त्याने बसवलेला.

दिगू माझा धाकटा भाऊ. धंद्याने प्लंबर. गोवा मुक्तीनंतर आमच्या बाजूला माणसं चिऱ्यांची नवी घरं बांधू लागली, सरकारी नळ दारापर्यंत आला, आणि पेडणे-डिचोलीतल्या कितीतरी घरांत तो दारापासून आतपर्यंत नेला दिगूने. हे काम जमीन व्हायच्या आधीचं. पाईप भरावात गाडायचे, वर कोबा घातला की ते पुन्हा दिसायचे नाहीत. म्हणजे आधी नकाशा हवा. नकाशा असायचाही, पण तो परवाना मिळवण्यापुरता. आमच्याच घराच्या नकाशात स्वयंपाकघर पूर्वेला होतं आणि बांधलं पश्चिमेला, मोरीच्या जागी जिना आला, आणि जिन्याच्या जागी काय आलं ते गवंड्यालाही सांगता येत नव्हतं. त्यातून भिंती उभ्या राहिल्यावर कुणीतरी घरमालकाच्या कानाशी लागायचं की देवघराला मोरीची भिंत लागते. मग सगळं उखडा. दिगू शांत माणूस मुळीच नव्हता. पान्हा फेकून द्यायचा आणि सरळ घरी जाऊन झोपायचा. मग मालकाने इब्रामपूरला येऊन त्याची मनधरणी करायची. शिगमा आला की मग तर विचारूच नका, ढोल वाजायचे थांबेपर्यंत तालुका कोरडा राहिला तरी त्याला सोयरसुतक नसायचं.

पण त्याची एक रीत होती. नकाशा तो बघायचाच नाही. घरच्या बाईला बोलवायचा आणि त्या उघड्या जोत्यावर, छप्पर नाही, दारं नाहीत, अशा जागी तिला घरकाम करायला लावायचा. भांडी घासायला बस. आता उठ, तांदूळ धू. हात कुठे गेला? तिथे खडूची खूण, तिथे नळ. बायका लाजून लाल व्हायच्या, गवंडी खो खो हसायचे. आमच्या घराच्या वेळी माझी पाळी आली. आमचे हे वास्कोला बंदरात नोकरीला, शनिवारी यायचे, त्यामुळे बांधकामाचा सगळा व्याप माझ्या गळ्यात. कंटाळून गेले होते. दिगूने माझ्या कमरेवर रिकामी कळशी दिली आणि म्हणाला, "बाय, भायल्या नळावरसून पाणी घेवन रांदचे खोलीत ये बघू. ही तुझी शेवटची खेप. नीट चल."

"वेड लागलाहा तुका. सरळ दोरी धर आणि घाल पायप."

"दोरी घरात रवाक येवची नाय. तू येतलय. तू इसारशीत, पण तुझे पाय वाट इसारूचे नाय."

त्या दिवशी आईही आली होती. गुडघे धरलेले, तरी घर बघायचंच म्हणून इब्रामपूरहून दोन बस बदलून आली आणि हॉलच्या बरोबर मधोमध दोन चिरे रचून त्यावर बसली. मी कळशी घेऊन निघाले, मागून दिगू वाकून चुन्याची रेघ ओढत. आईपाशी आलो तशी ती करवादली, "आता पायप घालूक माका उठयतास काय रे?"

"नाय गे आये, तू बस. पाणीच तुका वळसो घालीत."

आम्ही तिघंही हसलो. मी आईला वळसा घालून स्वयंपाकघरात गेले, कळशी ठेवली, आणि दुसऱ्याच दिवशी खिडक्यांच्या कटकटीत ते सगळं विसरून गेले. पुढे वर्षभरात आई गेली. घरात तेवढी तिची ती एकच फेरी.

दिगूला मी शेवटचं भेटले ते त्याच्या पडवीत. श्वास लागत होता. बोलायला काही विषय हवा म्हणून मी सांगितलं की आमच्या हॉलमध्ये ओल धरलीय, बरा झालास की बघ. तो माडांकडे बघत म्हणाला, "बाय, आता माका कोणाच्या पाण्याचा सांगू नको गे. दमलंय." मग आपणहून, "तुझी लायन मरूची नाय पण..."

त्याचे दिवस झाल्यावर मी प्रकाशला बोलावलं. डिचोलीतला नव्या पिढीतला प्लंबर, भला माणूस. ओल कोबाभर पसरलेली. त्याने दारापासून दारापर्यंत सरळ रेघ धरली आणि फोडायला घेतलं. हॉलच्या मधोमध खोल खड्डा झाला, पाईप नाही. आणखी फोडलं, तिथेही नाही. घाम पुसत तो म्हणाला, "मावशी, हांगा पायप ना. ही लायन मेली म्हणून सोडून दी. भायल्यान वणटीवेल्यान नवी घालूंया."

बाहेरच्या भिंतीवरून नवी लाईन घालायची, बोलला ते शहाणपणाचंच होतं. पण 'मेली' हा शब्द मला त्या महिन्यात पुन्हा ऐकवेना. दिगूचं सगळं आयुष्य लोकांच्या जमिनीखाली गाडलेलं, दाखवायला काही नाही. माझ्याकडे होती ती एवढी एक लाईन. आणि सगळा हॉल फोडून ती शोधायचीही माझ्यात ताकद नव्हती. खड्ड्याच्या कडेला उभी राहिले. मग पडवीतली कळशी उचलून कमरेवर घेतली. प्रकाशला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. मी दारातून आत निघाले. गुडघे आता माझेही धरलेत. हॉलच्या मध्यावर आले आणि पाय आपसूक डावीकडे वळले, चार पावलं गेले, परत उजवीकडे आले.

"हांगा फोड," मी म्हटलं.

पाईप तिथेच होता. चांगला वळसा घेऊन गेलेला, वळणाचे चार एल्बो लावून, त्यातलाच एक झिरपत होता. सांध्यालाच पाणी गळतं हे काय दिगूला ठाऊक नव्हतं? प्रकाश उकिडवा बसून बघत राहिला. "मावशी, मदीं भिंत आशिल्ली? खांबो?"

"ना."

"मागीर हो वळसो कित्याक?"

त्याने विचारलं, सरळ करून टाकू का, सांधे कमी, पुढे त्रास नाही. मी म्हटलं, नको, होता तसाच घाल. त्याने एल्बो बदलला, पाणी सोडून बघितलं, खड्डे बुजवले.

नव्या सिमेंटचे डाग अजून लाल कोब्यावर दिसतात. मधला डाग सुकला आहे, पण मी त्यावरून जात नाही. पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून येताना तिथे वळते. आई बसली आहे, आणि दिगूने तिला उठवलेलं नाही.